हैदराबादचे दिवाण सर सालारजंग

मागच्या थंडीत आपल्या मंडळाची सहल हैदराबादला गेली होती, ती आपणा सर्वांना आठवतच असेल. चारमिनारच्या बाजारात बांगड्या घेऊन झाल्या, आणि मग आपण मुसी नदीच्या काठचे सालारजंग म्युझियम पाहायला गेलो. तेथे एका दालनात पांढऱ्या संगमरवराची एक तरुणी उभी आहे. तिने तोंडावरून ओढणी घेतली आहे, आणि ओढणीही दगडाचीच, पण आतला चेहरा स्पष्ट दिसतो. रेबेका तिचे नाव. आपण बायका तिच्यापुढे किती वेळ उभ्या होतो! पदर डोक्यावर घेणाऱ्या आपण, आणि ती परदेशची दगडी बाई, तीही आपल्यासारखीच पदरातून पाहणारी. बेन्झोनी नावाच्या इटालियन कारागिराने ती घडवली आणि १८७६ साली पहिल्या सालारजंगांनी ती रोममध्ये विकत घेतली, असे तेथील माणसाने सांगितले. पहिले सालारजंग म्हणजे कोण, हे मात्र आपल्यापैकी कोणालाच सांगता येईना.

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे लगेच वाटली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी सालारजंग म्हणाले. शेजारच्या काकूंना ते मुळीच आवडले नाही. निजामाच्या माणसाचे चरित्र आपण कशाला लिहायचे, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. मराठवाड्याने निजामाच्या राजवटीत काय सोसले, रझाकारांच्या काळात रात्री कशा काढल्या, ते आपल्या घरोघरी सांगितलेले आहे, आणि १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते उगीच नाही. पण ज्या माणसाची मी गोष्ट सांगणार आहे तो रझाकारांच्या पासष्ट वर्षे आधीच वारला. त्याने केलेले काही आपण अजून वापरतो आहोत आणि काही आपल्याला अजून सलते आहे. दोन्ही सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे, तेव्हा चुकले तर मोठ्या मनाने घ्यावे.

त्यांचे खरे नाव मीर तुराब अली खान. जन्म १८२९ च्या जानेवारीतला. घराण्याचा मूळ पुरुष फार पूर्वी मदिनेहून विजापूरला आदिलशाहीत आला, असे सांगतात. पुढे हे घराणे हैदराबादेस नामांकित झाले. ज्यांच्या नावाचा मीर आलम तलाव तेथे आहे, ते मीर आलम याच घराण्यातले आणि निजामाचे दिवाण. आजोबा मुनीर-उल-मुल्क हेही दिवाण. शेकडो गावांची जहागीर, हत्ती, घोडे, हवेली, सगळे होते. परंतु वडील लहानपणीच गेले, आणि आजोबांनी कर्ज एवढे करून ठेवले होते की जहागिरीवर जप्ती आलेली. म्हणजे नाव मोठे आणि घरात ओढाताण, अशा घरातले हे मूल. चुलते सिराज-उल-मुल्क यांनी सांभाळले. फारसी, अरबी झाली, इंग्रजीही आली. विशीच्या आत त्यांना खम्मम भागाची तालुकदारी मिळाली आणि वसुलाचे काम हाताखाली शिकता आले. त्यानंतर घरची जहागीरही त्यांच्या ताब्यात आली. मोठ्या घरातल्या मुलांना हिशेब मुनीम दाखवील तेवढाच ठाऊक असतो. यांना तो मुळापासून कळला, आणि पुढचे सगळे मला वाटते या एका गोष्टीतून आले.

१८५३ साल हैदराबादला फार वाईट गेले. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी एक फौज उभी केली होती, हैदराबाद कंटिंजंट. फौज इंग्रजांच्या हुकमातली, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, कर्ज चढत गेले. शेवटी लॉर्ड डलहौसीने त्या कर्जापोटी मुलूख मागितला. मे महिन्यात तह झाला आणि वऱ्हाड, रायचूरकडचा दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या कारभारात गेला. तहावर दिवाण म्हणून चुलत्यांची सही होती, आणि सहीनंतर काही दिवसांतच चुलते वारले. दिवाणगिरी पुतण्याकडे आली. वय चोवीस. आपल्याकडे चोवीस वर्षांच्या मुलाला घरची खरेदीसुद्धा एकट्याने करू देत नाहीत.

आता त्यांच्या हाती जे घर आले ते कसे होते पाहा. खजिना रिकामा. निजामाचे जडजवाहीर गहाण. मुलखाचा वसूल सरकारकडे येतच नसे. इजाऱ्याची पद्धत होती. जो जास्त बोली बोलेल त्याला तालुक्याचा वसूल द्यायचा. तो सरकारला ठरलेली रक्कम भरणार आणि रयतेकडून मन मानेल तेवढे काढणार. वर्ष सरायच्या आत दुसऱ्याने जास्त बोली केली की पहिल्याची हकालपट्टी, म्हणून पहिला घाईघाईने सगळे ओरबाडून घेई. माझे आजोबा, माहेरचे, केजकडचे, त्यांच्या आजोबांचे ऐकलेले सांगत असत. खळ्यावर रास पडली की इजारेदाराची माणसे येऊन तिच्यावर शिक्का मारीत, आणि शिक्का मोडेपर्यंत घरच्या बाईला त्यातली ओंजळभर ज्वारीही घेता येत नसे. स्वतः पिकवलेल्या राशीसमोर बसून ती शेजारणीकडून उसने आणी.

त्यातून आणखी एक. अरब आणि रोहिले यांच्या फौजा हैदराबादेत होत्या. त्यांचे जमादार सरकारला आणि सरदारांना व्याजाने पैसे देत आणि फेड होईपर्यंत गावेच्या गावे ताब्यात ठेवीत. कर्जदाराला आपल्या घरी कोंडण्यापर्यंत त्यांची मजल असे. सरकारचा कायदा त्यांच्या दारात थांबे.

सालारजंगांनी काय केले, तर फार मोठे असे एकदम काहीच केले नाही. कर्ज असलेल्या घरात शहाणी सून जे करते ते केले. कोणाचे किती देणे, कोणाकडे काय गहाण, याचा आधी हिशेब घातला. मग एकेका सावकाराशी, एकेका जमादाराशी बोलून, थोडे देऊन, थोडे हप्त्यावर ठेवून, गावे सोडवीत आणली. इजारे मोडून पगारी तालुकदार नेमायला सुरुवात केली. पगारी माणसाला रयत पिळून फायदा नसतो, हे साधे गणित. वसूल सरकारी खजिन्यात यायचा आणि खर्च तेथूनच व्हायचा, असे ठरले. अरबांच्या तंट्यांसाठी न्यायाची व्यवस्था केली. गावोगावच्या टांकसाळी बंद करून हैदराबादेतच नाणे पाडायचे ठरले. हाली शिक्क्याचा रुपया आपल्या आजी-पणजींच्या तोंडी होता, हाली आणि कलदार असा हिशेब त्या करीत, तो हाली रुपया या व्यवस्थेने स्थिरावला. हे सगळे एका वर्षात झाले नाही. दहा-बारा वर्षे तेच ते काम चालले होते. रोज सकाळी लवकर उठायचे, अर्जदार भेटायला येतील त्यांना भेटायचे, मग कागद. राहणी साधी असे.

आता १८५७. येथे माझी लेखणी जरा अडखळते.

मे महिन्यात मीरतला उठाव झाला आणि त्याच आठवड्यात निजाम नासिर-उद्दौला वारले. नवे निजाम अफजल-उद्दौला गादीवर बसले तेव्हा दिल्लीच्या बातम्या येऊन पोचत होत्या. शहरात मशिदींच्या भिंतींवर कागद लागू लागले, फकीर रस्त्यात उठावाची भाषा बोलू लागले. हैदराबाद उठले असते तर सारा दक्षिण मुलूख उठला असता, हे इंग्रजांना पुरते ठाऊक होते. जूनमध्ये आपल्या औरंगाबादेस कंटिंजंटच्या घोडदळात बंड झाले. इंग्रज सेनापती फौज घेऊन नगरच्या बाजूने तेथे आला, आणि पकडलेल्यांना फाशी दिली, तोफेच्या तोंडी दिले. औरंगाबादेत क्रांती चौकातला काळा चबुतरा आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल, तो त्यांच्याच आठवणीचा. त्या घोडदळातला जमादार चिदा खान काही सोबत्यांसह निसटून हैदराबादला गेला. तेथे आपल्याला आसरा मिळेल, असे त्याला वाटले असणार. सालारजंगांनी त्याला धरून इंग्रज रेसिडेंटच्या हवाली केले.

शहर खवळले. १७ जुलैला संध्याकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या मागे काही शे रोहिले आणि शहरातले लोक रेसिडेन्सीवर चालून गेले. परंतु दिवाणाने आधीच इशारा पाठवून ठेवला होता. आतून तोफा तयार होत्या. रात्रभर गोळीबार झाला आणि पहाटेपर्यंत हल्ला मोडला. तुर्रेबाज खान पकडले गेले, कैदेतून निसटले आणि १८५९ मध्ये मारले गेले. त्यांचे प्रेत शहरात टांगून ठेवले होते. मौलवींना अंदमानला पाठवले, ते तेथेच वारले.

इंग्रजांनी सालारजंगांचे उपकार मानले. १८६० च्या तहात निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, आणि धाराशिव व रायचूरकडचा मुलूख परत मिळाला. वऱ्हाड मात्र परत दिले नाही. सालारजंगांना पुढे सर हा किताब मिळाला.

याचा न्याय कसा करायचा? माझ्या घरी यावर दोन दिवस वाद झाला. ह्यांचे म्हणणे, त्याने घर वाचवले. हैदराबाद उठले असते आणि पडले असते तर झाशीचे आणि दिल्लीचे जे झाले तेच येथे झाले असते, रयत कापली गेली असती. माझा मुलगा म्हणाला, मग तुर्रेबाज खानाला काय म्हणायचे? मला दोघांचेही पटते आणि दोघांचेही पुरे पटत नाही. धाराशिव परत आले ते पाहते तेव्हा दिवाण शहाणा वाटतो. चिदा खान औरंगाबादहून आसऱ्याला गेला होता ते आठवते, तेव्हा तो शहाणपणा घशाखाली उतरत नाही. दारात आलेल्याला धरून द्यायचे नाही, असे आपल्यावर संस्कार आहेत. मी एवढेच लिहिते की त्या माणसाने काय केले ते झाकून ठेवू नये. आणि एक गोष्ट जाता जाता. ज्या कोठी भागातल्या रेसिडेन्सीवर त्या रात्री हल्ला झाला, त्याच इमारतीत पुढे मुलींचे कॉलेज भरू लागले आणि आता तेथे महिला विद्यापीठ झाले आहे. सहलीत वेळ असता तर आपण तेही पाहिले असते.

शहराने त्यांना क्षमा केली नाही. १८५९ मध्ये दरबारातून रेसिडेंटबरोबर बाहेर पडत असताना एकाने त्यांच्यावर बंदूक झाडली आणि मग तलवार घेऊन धावला. नेम चुकला, हल्लेखोर तेथेच मारला गेला. १८६८ मध्ये पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातूनही ते वाचले. नवल म्हणजे, ज्या निजामाची गादी त्यांनी राखली त्या निजामाचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. इंग्रजांचा माणूस म्हणून संशय. १८६१ मध्ये त्यांना काढून टाकण्याचा घाट घातला होता, तो रेसिडेंट मध्ये पडल्यामुळे टळला. निजामाच्या परवानगीवाचून त्यांना शहराबाहेर पडता येत नसे. आपल्या बागेतल्या बंगल्यात पाहुण्यांना जेवायला बोलवायचे तरी आधी विचारावे लागे. सासूला विचारल्यावाचून माहेरी जाता न येणाऱ्या सुनेसारखे झाले, आणि ही सून साऱ्या राज्याचा कारभार पाहत होती!

अशा अवस्थेत त्यांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. हीच गोष्ट आपल्या सर्वांत जवळची. सारा मुलूख जिल्ह्यांत वाटला, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. पोलीस निराळे, न्यायकचेऱ्या निराळ्या, शाळा, दवाखाना, बांधकाम, टपाल यांची खाती निराळी. आपण बीडला तहसीलमध्ये कामाला जातो तेव्हा जी रचना आपल्याला डोळ्यांना सवयीची झाली आहे, तिचा सांगाडा त्या वेळचा. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी आणि धाऱ्याचा बंदोबस्त सुरू झाला, तोही त्यांच्याच काळात. शेत कोणाचे, किती एकर, धारा किती, हे कागदावर आले. कागदावर आलेला धारा इजारेदाराला वाढवता येत नाही. सावकाराला मात्र तोच कागद गहाण घेता येतो, हेही आपल्या भागाने पुढे पाहिले. तेवढे सालारजंगांच्या लक्षात आले होते की नाही, देव जाणे.

माझ्या आजोबांच्या लोखंडी पेटीत जुन्या कागदांची एक गुंडाळी होती, सगळी उर्दू. आजोबा निजामी शाळेत उर्दूतून शिकलेले, त्यांना ते वाचता येई. उन्हाळ्यात ते कागद ओसरीवर पसरून ऊन देत आणि हे अमक्या शेताचे, हे तमक्या विहिरीचे, असे आम्हा मुलांना सांगत. ते गेल्यावर माझ्या मामांना एका बांधाच्या तंट्यात त्यातला एक कागद लागला. घरात कोणालाच वाचता येईना. बीडच्या एका वृद्ध मुसलमान गृहस्थांनी तो वाचून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्या कागदाने बांध राहिला. त्या दिवसापासून मला या जिल्हाबंदीचे कौतुक आहे, ते पुस्तक वाचून आलेले नाही.

१८६९ मध्ये निजाम अफजल-उद्दौला वारले. गादीवर आलेले महबूब अली खान तीन वर्षांचेही नव्हते. राज्य सालारजंग आणि अमीर-ए-कबीर या दोघांच्या हाती आले, आणि त्यात कर्ते सालारजंगच. आता शहराबाहेर जायला कोणाला विचारावे लागत नव्हते. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत रेल्वे आली. उत्तरेकडून शिकलेले लोक त्यांनी कारभारात आणले. सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली, मेहदी अली अशी ती नावे. बंगालचे अघोरनाथ चट्टोपाध्याय हेही याच काळात हैदराबादला येऊन शिक्षणाच्या कामाला लागले, आणि १८७९ मध्ये त्यांच्या घरी तेथेच सरोजिनी जन्मली, म्हणजे आपल्या सरोजिनी नायडू. बाहेरचे लोक आणले म्हणून स्थानिकांची कुरकूरही पुष्कळ झाली. ती कुरकूर पुढे कितीतरी वर्षे पुरली.

एक काम मात्र त्यांच्या मनातून कधी गेले नाही, ते वऱ्हाडचे. चुलत्यांच्या सहीने गेलेला मुलूख. त्यांनी अर्जांवर अर्ज केले, कर्ज फेडायला तयार आहोत, फौजेच्या खर्चाची हमी देतो, असे कळवले. जे इंग्रज त्यांची वाखाणणी करीत, तेच आता त्यांच्यावर नाराज झाले. १८७६ मध्ये ते विलायतेला गेले. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. त्या दुखण्यातच ते लंडनला पोचले. राणी व्हिक्टोरियाकडे मेजवानी झाली, लंडन शहराने मान दिला, ऑक्सफर्डने पदवी दिली. सगळे काही दिले, वऱ्हाड दिले नाही. १८७८ मध्ये विलायत सरकारचे उत्तर आले की निजाम वयात येईपर्यंत या गोष्टीचा विचार होणार नाही. ज्यांच्यासाठी १८५७ मध्ये आपल्या शहराचा शाप घेतला, त्यांच्याकडून हे. त्या वर्षांत दक्षिणेत मोठा दुष्काळही पडला होता. निजामाचा मुलूखही त्यात होरपळला.

निजाम वयात यायला आता थोडीच वर्षे उरली होती. १८८३ च्या फेब्रुवारीत जर्मनीतला मेक्लेनबर्गचा ड्यूक हैदराबादला पाहुणा आला. त्याच्यासाठी मीर आलम तलावावर मेजवानी झाली, आपल्याच पूर्वजाच्या नावाच्या तलावावर. त्यानंतर लगेच सालारजंगांना पटकी झाली. ८ फेब्रुवारीला, एका दिवसाच्या दुखण्याने, ते गेले. वय चोपन्न. तीस वर्षे दिवाणगिरी केली. राज्याचे कर्ज फेडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर मरताना पुष्कळ कर्ज होते.

मोठा मुलगा लायक अली खान १८८४ मध्ये दिवाण झाला, पण तीन वर्षांतच पायउतार झाला आणि १८८९ मध्ये ऐन तरुणपणी वारला. तेव्हा त्याचा मुलगा यूसुफ अली महिनाभराचा, पाळण्यात. हेच तिसरे सालारजंग. तेही थोडा काळ दिवाण होते, मग कारभार सोडून देशोदेशीच्या वस्तू जमवीत राहिले. लग्न केले नाही. १९४९ मध्ये ते गेले, तेव्हा घराण्याला वारस नव्हता. १९५१ मध्ये त्यांच्याच हवेलीत पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम उघडले आणि १९६८ मध्ये ते आपण पाहिले त्या इमारतीत आले. म्हणजे घड्याळातला तो घणाने टोले देणारा छोटा माणूस, ते हस्तिदंती काम, त्या बाहुल्या, यातले पुष्कळसे नातवाचे. आजोबांची आपण पाहिली ती रेबेका.

वऱ्हाड १९०२ मध्ये इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतले. निजामाला ते परत मिळालेच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आपला मराठवाडा एकाच दिवशी मुंबई राज्यात आले, आणि १९६० पासून सगळे महाराष्ट्रात आहोत. ज्या दोन तुकड्यांसाठी दिवाणाने तीस वर्षे कागद लिहिले, ते एकत्र आले ते असे.

आपल्या पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढे तेलंगणात जाते, आणि सिंगूरच्या धरणातून तिचे पाणी हैदराबादला प्यायला मिळते, हे मला हे लिहिताना कळले. सालारजंगांची कबर हैदराबादेत दायरा मीर मोमीन येथे आहे. पुढच्या सहलीत तेथे आणि कोठीच्या त्या महिला विद्यापीठात जायचे, असे अध्यक्षबाईंनी कबूल केले आहे. शेजारच्या काकूही येणार आहेत, फक्त बांगड्यांचा बाजार आधी, अशी त्यांची अट आहे.